ओरिजिनल है क्या? वाफेचं इंजिन, तेलाचा थेंब आणि आपली बदलापूर लोकल

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना झालेलं 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' थोडं कमी केलंय. बाकी तसंच.

सुरुवात उल्हासनगरपासून करू. मागच्या महिन्यात मी तिथे चार्जर घ्यायला गेलो होतो. दुकानदाराला विचारलं, "ओरिजिनल है क्या?" तो शांतपणे म्हणाला, "ओरिजिनल चाहिए, या ओरिजिनल जैसा?" आता कल्याणच्या पुढे राहणाऱ्या कुणालाही या प्रश्नाचं नवल वाटणार नाही. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा जोक आपण शाळेपासून ऐकतोय. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवलेल्या सिंधी निर्वासितांनी शून्यातून हे गाव उभं केलं. ८ ऑगस्ट १९४९ ला त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. हातात भांडवल नाही, ब्रँड नाही, मग जे विकलं जातं ते बनवायचं. त्यातून तो जोक आला.

इंग्रजीत 'अस्सल माल' याला एक शब्दप्रयोग आहे, 'द रिअल मॅकॉय'. गोष्ट अशी सांगतात की एलाइजा मॅकॉय नावाच्या एका कृष्णवर्णीय इंजिनिअरने वाफेच्या इंजिनाला आपोआप तेल घालणारं यंत्र बनवलं. ते इतकं चांगलं होतं की बाजारात नकला आल्या, आणि गिऱ्हाईक विचारायला लागलं, "हे खरं मॅकॉयचंच आहे ना?" म्हणजे आपलंच 'ओरिजिनल है क्या?'

गोष्ट भारी आहे. पण खरी आहे का? तिथे येऊच. आधी हे तेल घालण्याचं प्रकरण काय आहे ते बघू, कारण त्यात माझ्या घरातला एक माणूस आहे.

काचेतला थेंब

माझे आजोबा दौंडच्या लोको शेडमध्ये 'क्लीनर' म्हणून लागले. ते साल पन्नाशीच्या दशकातलं. क्लीनर, मग सेकंड फायरमन, मग फायरमन अशी ती शिडी होती. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे बदलापूरला आले. लॉकडाऊनमध्ये मी वर्क फ्रॉम होम करत असताना ते शेजारच्या खुर्चीत बसायचे. माझ्या स्क्रीनवर हिरवे-लाल आलेख हलायचे. एकदा विचारलं, "हे काय बघतोस दिवसभर?" मी म्हटलं, "सर्व्हर नीट चाललाय का ते बघतो." ते म्हणाले, "म्हंजी आमच्या काचंसारखं. थेंब चालला म्हंजी इंजिन चाललं."

मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं.

वाफेच्या इंजिनात सिलिंडर असतो, त्यात पिस्टन पुढे-मागे होतो. लोखंडावर लोखंड घासतं, म्हणून वंगण हवं. चाकांचे, दांड्यांचे सांधे बाहेर असतात, तिथे लांब नळीच्या डब्याने तेल घालता येतं. सांध्यावर तेलाची छोटी पेटी आणि त्यात लोकरीची वात. आपल्या समईसारखी ती तेल ओढून हळूहळू खाली सोडते. हे सोपं काम.

अवघड काम सिलिंडरचं. आत दर चौरस इंचाला शंभर-सव्वाशे पौंडांची वाफ. तिथे झाकण उघडून तेल ओतायला गेलात तर तेल आत जाणार नाही, उलट वाफच तोंडावर येईल. कुकरची शिट्टी काढून आत फोडणी घालायला जाण्यासारखंच ते. म्हणून सुरुवातीच्या इंजिनांवर सिलिंडरच्या डोक्यावर तेलाचा किंवा वितळलेल्या चरबीचा एक कप असायचा. ड्रायव्हरने वाफ बंद केली की आत ओढ तयार व्हायची, तेव्हा वंगण आत जायचं. म्हणजे एक तर गाडी थांबवा, नाही तर उतारावर वाफ बंद असताना माणूस इंजिनाच्या कडेच्या फळीवरून पुढे चालत जाणार. धावत्या गाडीवर, हातात तेलाचा डबा घेऊन.

आणि चढ आला तर? चढावर वाफ बंद करता येत नाही. म्हणजे इंजिनाला सगळ्यात जास्त कष्ट पडतात तेव्हाच तेल मिळत नाही.

आपला मार्ग, आपला घाट

आता नकाशा उघडा. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, हे सगळ्यांना पाठ असतं. १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली. आणि १२ मे १८५६ ला कल्याणहून खोपोलीपर्यंतचा मार्ग सुरू झाला. हा आपला मार्ग. अंबरनाथ, बदलापूर, नेरळ, कर्जत. तेव्हा उल्हासनगर नव्हतंच. अंबरनाथचं शिवमंदिर मात्र आठशे वर्षं आधीपासून उभं होतं. १०६० सालचा शिलालेख आहे तिथे.

खोपोलीच्या वर होता भोर घाट. तो १८६३ मध्ये पुरा झाला. सुमारे २५ किलोमीटरचा चढ, साधारण ५५० मीटरची उंची, काही ठिकाणी ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र. हा घाट बांधताना कॉलरा, ताप आणि अपघातांनी सुमारे २५ हजार मजूर गेले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्या-आल्याच वारला आणि त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, काम पुढे नेलं, हे मात्र नोंदलेलं आहे. नोंद कुणाची राहते आणि कुणाची नाही, हे लक्षात ठेवा. पुढे परत लागणार आहे.

तर असा चढ. इंजिन पूर्ण वाफेवर, तास-दीड तास. त्या काळच्या जगभरच्या इंजिनिअर लोकांसमोर हाच प्रश्न होता, वाफ चालू असताना सिलिंडरला तेल कसं द्यायचं?

१८६० मध्ये इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम याने एक उपाय काढला. तेलाच्या भांड्यात थोडी वाफ सोडायची. ती थंड होऊन तिचं पाणी होतं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून खाली बसतं आणि तेलाला वर उचलतं. भांडं भरलेलं असल्यामुळे वरचं तेल नळीतून ओसंडून सिलिंडरकडे जातं. जितकं पाणी बनेल तितकं तेल बाहेर. पंप नाही, गिअर नाही. फक्त 'तेल पाण्यावर तरंगतं' हे आपल्या आज्जीला माहीत असलेलं विज्ञान.

पुढे याला काच लागली. तेल पाण्याने भरलेल्या एका काचेच्या नळीतून जायचं, तळातून एकेक थेंब सुटायचा आणि पाण्यातून वर तरंगत जायचा. ही नळी ड्रायव्हरच्या समोर. थेंब मोजायचे. कमी वाटले तर झडप थोडी उघडायची, जास्त वाटले तर आवळायची. आजोबांची काच ती हीच.

त्यांनी सांगितलं, रात्री भट्टीच्या उजेडात तो थेंब सोन्यासारखा दिसायचा. आणि गाडी स्टेशनात उभी राहिली की झडप बंद करायची आठवण ठेवायला लागायची, कारण या यंत्राला गाडी थांबलीय हे कळत नाही. ते थेंब सोडतच राहतं. विसरलात की तेल वाया आणि वरून शिव्या.

यावर तिसरा उपाय आला, यांत्रिक लुब्रिकेटर. छोटा पंप, त्याचा दांडा इंजिनाच्या हलणाऱ्या भागाला जोडलेला. चाक फिरलं की पंप हलला, पंप हलला की तेल गेलं. गाडी थांबली की तेल थांबलं. वेग वाढला की तेल वाढलं. आमच्या भाषेत 'इव्हेंट ड्रिव्हन'. असले लुब्रिकेटर विकणाऱ्यांपैकी एक होता चार्ल्स वेकफिल्ड. त्याने १८९९ मध्ये लंडनला कंपनी काढली, आणि १९०९ मध्ये आपल्या तेलाला नाव दिलं कॅस्ट्रॉल. कारण त्यात कॅस्टर ऑइल होतं. म्हणजे एरंडेल! लहानपणी ज्याच्या नावाने पळायचो तेच. भारतातल्या रेल्वेतही वंगणासाठी एरंडेल भरपूर वापरलं जायचं.

मग मॅकॉय कुठे?

एलाइजा मॅकॉयचा जन्म १८४४ चा, कॅनडातल्या ओंटारिओमधला. आई-वडील केंटकीतल्या गुलामगिरीतून पळून आले होते. मुलगा यंत्रं खोलून बघायचा, म्हणून पंधराव्या वर्षी घरच्यांनी त्याला स्कॉटलंडला, एडिंबराला पाठवलं. तिथे तो मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून आला. कुटुंब आता अमेरिकेत मिशिगनमध्ये होतं. तो मिशिगन सेंट्रल रेलरोडकडे नोकरीला गेला.

इंजिनिअरची नोकरी मिळाली नाही. कातडीचा रंग आडवा आला. मिळालं ते काम भट्टीत कोळसा टाकण्याचं आणि इंजिनाला तेल घालण्याचं.

इथे मी जरा थांबलो होतो. कारण आपल्याकडेही तेव्हा तसंच होतं. इंजिन चालवायची जागा मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन माणसाची, आणि कोळसा, राख, तेल, चिंध्या आपल्या माणसाची. आजोबा लागले तोवर देश स्वतंत्र झाला होता, म्हणून त्यांना निदान शिडी तरी चढता आली.

मॅकॉयने त्या कामातच डोकं घातलं. २३ जुलै १८७२ ला त्याला पेटंट मिळालं, क्रमांक १,२९,८४३, वाफेच्या इंजिनासाठीच्या सुधारित लुब्रिकेटरचं. कल्पना अशी की सिलिंडरमधली वाफच तेलाच्या कपातल्या एका छोट्या पिस्टनला ढकलते, त्याने झडप उघडते आणि तेल खाली जातं. वाफ तेल जाऊ देत नव्हती ना? त्याने वाफेलाच तेल घालायच्या कामाला लावलं. पुढे आयुष्यभरात त्याच्या नावावर ५७ पेटंट झाली, बहुतेक वंगणाचीच. पण पैसा उभा करायला त्याने बरेच हक्क विकले, त्यामुळे पुष्कळ मालावर त्याचं नाव नव्हतंच. स्वतःच्या नावाची कंपनी निघाली ती १९२० मध्ये, वय ७६. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला.

आता गोष्टीचा हिशोब करू. पहिलं, आपोआप तेल घालणारं यंत्र शोधणारा तो पहिला नव्हता. रॅम्सबॉटम त्याच्या बारा वर्षं आधीचा. दुसरं, 'द रिअल मॅके' हा शब्दप्रयोग स्कॉटलंडमध्ये १८५६ मध्येच छापलेला सापडतो, म्हणजे आपली खोपोली लाइन सुरू झाली त्याच वर्षी, जेव्हा एलाइजा बारा वर्षांचा होता. त्याचं नाव या शब्दाशी जोडलेलं दिसतं ते खूप नंतर. १९६६ मधल्या एका व्हिस्कीच्या जाहिरातीत ते ठळकपणे आलं. म्हणजे 'अस्सल' शब्दाची गोष्ट स्वतःच बहुधा अस्सल नाही. ओरिजिनल जैसी.

हसू नका. आपण बदलापूरकर आहोत. लहानपणापासून सांगतो की इथे घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. त्याचा पुरावा तुमच्यापैकी किती जणांनी बघितलाय?

पण मला वाटतं, लोक उगीच गोष्ट रचत नाहीत. ज्या माणसाचं नाव मालावर राहिलं नाही, त्याचं नाव निदान भाषेत तरी राहावं असं कुणाला तरी वाटलं असणार. आणि ५७ पेटंट खरी आहेत. ती कुणी जाहिरातीसाठी रचलेली नाहीत.

माझी काच

आता थोडं माझ्याबद्दल, कारण हा एपिसोड करायचं खरं कारण हे आहे.

दोन वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तिथे एक दादा रोज रात्री काम करायचे. वय पन्नाशीच्या आसपास, कंत्राटावर. वेगवेगळ्या ठिकाणहून फाइल्स यायच्या, त्या डोळ्याने तपासायच्या, जुळवायच्या, सकाळी रिपोर्ट पाठवायचा. मी दोन वीकेंड बसून त्याची स्क्रिप्ट लिहिली. चार तासांचं काम सहा मिनिटांत. मला शाबासकी मिळाली. तीन महिन्यांनी त्यांचं कंत्राट संपलं आणि पुढे वाढलं नाही. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "चांगलं काम केलंस रे." टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

नंतर एका रात्री एक फाइल आली, नाव बरोबर, वेळ बरोबर, आत फक्त वरची ओळ. बाकी रिकामी. माझ्या स्क्रिप्टने 'सक्सेस' लिहून पुढे पाठवली. सलग तीन रात्री. चौथ्या दिवशी आरडाओरड झाली. मी त्या दादांना फोन केला. ते लगेच म्हणाले, "हो, महिनाअखेरीला तिकडून कधीकधी रिकामी येते. मी फाइलचा साइज बघायचो आधी." हे कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हतं. मी त्यांच्या शेजारी एक रात्र बसलो असतो तर कळलं असतं. बसलो नव्हतो.

मॅकॉयने जे आपोआप केलं ते त्याने स्वतःच्या हाताने केलेलं होतं. चटका त्याला लागलेला होता. मी दुसऱ्याचं काम लांबून बघून आपोआप केलं. आणि माझ्या यंत्राला काच नव्हती. थेंब चाललाय की नाही हे बाहेरून दिसायची सोयच मी ठेवली नव्हती.

मग मी तो आलेख लावला. रोज किती ओळी आल्या, नेहमीपेक्षा कमी का. तो अजून चालू आहे असं ऐकतो. दादांची नोकरी त्याने परत आली नाही. ते आता दुसरीकडे आहेत, आमचं अधूनमधून बोलणं होतं. त्यांच्या नोकरीचा हिशोब मला अजून नीट लागलेला नाही.

आपोआप तेल घालणाऱ्या यंत्राने फायरमनची नोकरी गेली नाही, हे खरं. उलट धावत्या इंजिनावर चढायचा धोका गेला. नोकरी गेली ती विजेने. १९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिनं आली. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या त्या इंजिनांना लोक 'खेकडा' म्हणायचे. ना कोळसा, ना भट्टी, ना काच. गंमत म्हणजे ती वीज बनायची ठाकुर्लीजवळच्या चोळ्याच्या रेल्वे पॉवर हाऊसमध्ये, कोळसा जाळून, वाफेवर. वाफ गेली नव्हती, फक्त गाडीवरून उतरून एका जागी बसली होती.

आणि तेलाचा थेंब? तोही आहे. माझा एक मित्र अंबरनाथच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. मशीनच्या मागे प्लास्टिकची छोटी टाकी असते. दर काही मिनिटांनी पंप 'टुक' करतो आणि बारीक नळ्यांतून तेल मार्गांवर जातं. तेल कमी झालं की अलार्म. मी त्याला विचारलं, "अलार्म आहे, तरी तू वाकून टाकी का बघतोस?" म्हणाला, "सवय. अलार्म पण बिघडतो ना."

आजोबा आता नाहीत. त्यांनी काढलेला कागद आहे. पेनाने काढलेली काच, आत तीन थेंब, आणि बाजूला त्यांच्या अक्षरात 'उभी असता बंद करणे'. इंजिन कुठलं, नंबर काय, ते मी विचारलंच नाही. एक ऑडिओ क्लिपसुद्धा नाही माझ्याकडे. पॉडकास्ट करणाऱ्या नातवाकडे!

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कुणी लोको शेडमध्ये, पॉवर हाऊसमध्ये, माथेरानच्या गाडीवर, गिरणीत, कारखान्यात काम केलेलं असेल, तर या रविवारी फोन समोर ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. पहिला प्रश्न एवढाच विचारा, "तुम्ही दिवसभर नेमकं काय बघायचात?" परवानगी असेल तर क्लिप मला पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू.

आणि नेरळला गेलात तर स्टेशनजवळ मांडून ठेवलेलं वाफेचं जुनं इंजिन आहे. १९०७ पासून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीचं. सेल्फी काढाच, पण आधी वाकून सिलिंडरकडे बघा. तेल कुठून जात असेल ते शोधा.

चला, ७:०२ ची वेळ झाली. भेटू पुढच्या आठवड्यात.